आचमनाचं पाणी

माझा नवरा सोन्यासारखा माणूस आहे असं मी चारचौघांत सांगते, आणि ते खरंही आहे. पण हट्टाच्या बाबतीत म्हैस परवडली. म्हशीला निदान काठी तरी दाखवता येते, ह्यांना काय दाखवणार? सेहेचाळीस वर्षांच्या संसारात रागावून पाहिलं, रडून पाहिलं, दोनदा निपाणीला माहेरी जाऊन बसून पाहिलं. हे जागचे हलले नाहीत. आणि आता तर आजारच असला झालाय की खरोखर जागचे हलत नाहीत. हसू नका, मी हसून दमलेय.

ह्यांचं नाव मुकुंदराव हुदलीकर. वय बहात्तर. हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. घर आमचं रायापूरला, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. नोकरीच्या दिवसांत हे साडेचारला उठायचे. अंघोळ, संध्या, देवपूजा, नैवेद्य, आणि सव्वासातच्या बसला रस्त्यावर हजर. नैवेद्य झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही, हा ह्यांचा मुंजीपासूनचा नेम. ताप असो, प्रवास असो, मुलाचं लग्न असो. आणि घरचा पुरुष उपाशी असताना बाईनं खायचं नाही, हा माझा नेम, म्हणजे सासूबाईंनी मला पहिल्याच सकाळी सांगितलेला. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. साडेसहाला नैवेद्य व्हायचा आणि सातला मी पोटभर पोहे खात बसलेली असायची.

आजार कधी आला ते आम्हाला कळलंच नाही. ह्यांचं अक्षर छापल्यासारखं, नकाशावर लिहून लिहून तसं झालेलं. वाणसामानाची यादी हेच करायचे. एकदा यादी घेऊन मी दुकानात गेले तर वरचा तांदूळ वाचता येत होता, खाली येईपर्यंत अक्षरं खसखशीएवढी झाली होती. मी घरी येऊन म्हटलं, कागद वाचवताय काय? मग एकदा ह्यांच्या नाकासमोर दूध करपलं. सगळ्या घरात धूर, आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. वास म्हणून आलाच नाही. मग चेहरा. हसणं गेलं, रागावणं गेलं, कपाळाची आठीसुद्धा गेली. मला वाटलं माझ्यावर राग धरलाय. तीन महिने मी ह्यांच्याशी भांडत होते हो. जो माणूस रागावलेलाच नाही त्याची समजूत घालत होते, आणि तो समजूत घालून घेत नाही म्हणून आणखी भांडत होते.

मांडीवरचा उजवा हात आपोआप हलायला लागला तेव्हा मुलगा सुधींद्र बेंगळूरूहून आला आणि आम्हाला हुबळीला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर बाई होत्या, तरुण, कन्नड बोलणाऱ्या, आणि घाई न करणाऱ्या. त्यांनी ह्यांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, एक ओळ लिहायला लावली. मग सांगितलं की हा पार्किन्सन. मेंदूत एक रस असतो, तो हातापायांना हुकूम पोचवतो. तो रस करणाऱ्या पेशी हळूहळू मरत चालल्यात. मेलेल्या परत आणता येत नाहीत, पण तो रस गोळीतून बाहेरून देता येतो. गोळी पोटात गेली की पाऊण तासात अंग सैल होईल, चार तास बरे जातील, मग परत ताठ. म्हणून गोळी घड्याळावर घ्यायची. उठल्या उठल्या, अकराला, चारला, रात्री आठला. मी सगळं एका कागदावर लिहून घेतलं.

उठल्या उठल्या! त्या बाईंना काय माहीत, आमच्या घरात उठल्या उठल्या काय होतं ते.

घरी आल्यावर हे म्हणाले, पहिली गोळी नैवेद्यानंतर. झालं. म्हणजे बघा, पूजा झाली नाही म्हणून गोळी नाही, आणि गोळी नाही म्हणून पूजा होत नाही. रात्रीची गोळी कधीच उतरून गेलेली. सकाळी अंग लाकडासारखं. अंथरुणातून उठायला वीस मिनिटं, अंघोळीला तास. मी पंचा नेसवायला गेले तर डोळे वटारायचे, म्हणजे वटारायला पाहायचे. संध्येला बसले की एकेक पळी पाणी उचलायला केवढा वेळ. गंध उगाळायला सहाणेवर हात ठेवला की हात तिथंच. तुळशीचं पान बोटाला चिकटलं तर ते सुटेपर्यंत मी दारातून बघत उभी. बारा वाजायचे, एक वाजायचा, कधी पावणेदोन. नैवेद्याचा भात झाकून ठेवलेला गार व्हायचा, आणि माझ्या कपाळात पित्ताची कळ उठलेली असायची. सदुसष्ट वर्षांची बाई मी, पहाटे पाचपासून उपाशी.

आणि एवढं करून गोळी लागायचीच नाही. डॉक्टरांनी दोनदा वाढवली तरी नाही. शेवटी त्यांनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? मी सांगितलं, देवाच्या दुधाबरोबर. नैवेद्याला दूध-साखर असते, तीच वाटी हे तोंडाला लावायचे आणि तिच्यातच गोळी गिळायचे. देवाच्या प्रसादातून औषध गेलं म्हणजे दुप्पट गुण, असा हिशेब. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. दुधातलं, डाळीतलं प्रोटीन ह्या गोळीला आतडंच ओलांडू देत नाही म्हणे. आठ महिने आम्ही गोळी दुधात बुडवत होतो. आपल्याकडे कुठलंही औषध दुधाबरोबर देतात, त्यात चुकलं असेल असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

एवढं मात्र हे कबूल झाले. दूध सोडलं. पण त्याचं फळ काय, तर नैवेद्यानंतर नुसत्या पाण्याबरोबर गोळी, मग अर्धा तास थांबायचं, मग जेवण. म्हणजे मी आणखी अर्धा तास उपाशी. मुलगा फोनवर म्हणायचा, अप्पा, देव समजून घेईल की. हे फोन माझ्या हातात द्यायचे. मठातल्या आचार्यांना मीच जाऊन विचारून आले. ते म्हणाले, औषध गंगेच्या पाण्यासारखं, त्याला दोष नाही, खुशाल घेऊ देत. घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, ती सूट मोडून पडलेल्या शरीराला आहे, माझं अजून मोडलेलं नाही. न्हाणीतून देवघरापर्यंत चौदा पावलं आहेत, त्याला ह्यांना पंधरा मिनिटं लागत होती.

आता मी जे केलं ते सांगते. आषाढी पौर्णिमा होती. पुरणाचा नैवेद्य, म्हणजे पहाटे चारपासून मी चुलीपाशी. दोन वाजले तरी आतून घंटा ऐकू येईना. कट्ट्याला धरून उभी होते ती तशीच खाली बसले. डोळ्यांपुढं अंधारी. पडले नाही, पण उठताही येईना, आणि समोर पुरणपोळ्यांची चळत. त्या चळतीकडे बघून मला इतका राग आला की देवाचा आला, ह्यांचा आला, मेलेल्या सासूबाईंचा आला. त्या दिवशी संध्याकाळी मी फोन करून डॉक्टरांना विचारलं, गिळायला जड जातं, सकाळची गोळी पाण्यात विरघळवून दिली तर चालेल का? त्या म्हणाल्या, सकाळची साधी आहे ती चालेल, फक्त रात्रीची सावकाश सुटणारी आहे ती फोडू नका. मी खोटं बोलले. आणि दुसऱ्या सकाळी पूजेची तयारी करताना ती पिवळी गोळी वाटून आचमनाच्या पाण्यात घातली.

संध्येला बसलं की सुरुवातीलाच आचमन असतं. तांब्याच्या लहानशा पंचपात्रातलं पाणी पळीनं तळहातावर घ्यायचं आणि देवाचं नाव घेऊन प्यायचं, तीनदा. ह्या पाण्यानं उपास मोडत नाही. पूजेआधी ह्यांच्या पोटात जाणारी एवढी एकच गोष्ट. तांब्याच्या भांड्यात पिवळं पाणी दिसत नाही. वास तर दोन वर्षांपूर्वीच गेलेला, वासाबरोबर चवही निम्मी गेलेली. लोक म्हणतील बाईनं नवऱ्याच्या जिवासाठी केलं. नाही हो. मी माझ्या पोटासाठी केलं. मला सकाळी वेळेवर खायचं होतं.

पहिले चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी दारातून नीट बघितलं तेव्हा कळलं. हे त्याच पंचपात्रातलं पाणी ओंजळीत घेऊन सूर्याला अर्घ्य सोडत होते. निम्मं औषध सूर्यनारायणाला! तो बापडा आपला वेळेवर उगवत होता, त्याला कशाला गोळी? मग मी म्हटलं, तुमचा हात कापतो, पंचपात्र लवंडतं, अर्घ्याला वेगळा तांब्या ठेवते. हे हो म्हणाले. पंचपात्रात मी पाणीही बेतानंच भरायला लागले. आणि सहाव्या दिवशी जप संपता संपता ह्यांची बोटं सैल झाली. मी बघत होते. गंध उगाळलं, फुलं वाहिली, एका हातानं घंटा आणि दुसऱ्या हातानं निरांजन. नऊला नैवेद्य झाला. साडेनऊला माझ्या पोटात गरम भात होता. मी दोनदा वाढून घेतला.

आठवडाभरानं हे अंगणात खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "अनसूया, हात आपोआप चालतात ग. जप झाला की कुणीतरी हात धरून चालवल्यासारखं वाटतं."

मी बरं म्हटलं आणि आत आले. तेव्हा सांगायला हवं होतं. पण किती महिन्यांनी ह्यांचा आवाज मोठा निघाला होता. आणि उद्या परत दीडपर्यंत उपाशी बसायची माझ्यात ताकद नव्हती. उद्या सांगू म्हटलं, मग चातुर्मास संपल्यावर सांगू म्हटलं. खोटं म्हणजे कर्जासारखं नसतं, त्याचा तगादा कुणी लावत नाही, म्हणून ते अंगवळणी पडतं.

चार महिने गेले. पंचपात्राच्या तळाचा गाळ मी तुळशीत टाकत होते. नैवेद्यानंतरची पहिली म्हणून अकराची, मग चारची, आठची गोळी हे माझ्या हातून सरळ घेत होते. डॉक्टरबाई खूश झाल्या. सुधींद्र खूश झाला. ह्यांनी मात्र मनात वेगळाच हिशेब मांडला होता, तो मला कार्तिकात कळला.

तुळशीच्या लग्नाला ह्यांची थोरली बहीण सरस्वतीअक्का हुबळीच्या कमरीपेठेतून आली होती, सोबत आणखी सात-आठ माणसं. अक्का ब्याऐंशीची, पण जीभ पंचविशीतली. ह्यांनी सगळ्यांसमोर अंतरपाट धरला, मंगलाष्टकं म्हटली, आरतीचं ताट ओवाळलं, वात हललीसुद्धा नाही. माणसं बघत राहिली. अक्कानं विचारलं, मुकुंदा, कुठलं औषध रे एवढं चांगलं? मी आत भांडी आवरत होते, माझा हात थांबला. हे म्हणाले, औषध नाही अक्का, औषध तर मी पूजेनंतर घेतो. हात चालतात ते पूजेच्या आधी, उपाशीपोटी, जपाला बसल्यावर. देवानं हात परत दिलेत. आता गोळ्या बंद करणार आहे. ज्यानं सकाळचे दिले तो दिवसाचेही देईल, त्याच्यावर अविश्वास दाखवायचा नाही.

अक्कानं डोळ्याला पदर लावला. कुणी तरी नमस्कार केला ह्यांना. मी भांडी घासत राहिले, घासलेलीच परत घासली.

त्या दिवसापासून आठची बंद, अकराची बंद, चारची बंद. मी समजावलं, भांडले. हे म्हणाले, तुझा विश्वास कमी आहे. मी मनात हिशेब करायला लागले, अकराची तीर्थात घालता येईल, चारची सरबतात, आठची पेजेत. चार-चार वेळा चोरी करायची? आणि तीर्थातही? दुसऱ्या दिवशी दुपारी मी डॉक्टरांना फोन लावला. ह्या वेळी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, अम्मा, ह्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. ताप चढतो, अंग कडक होतं, माणूस हातचा जाऊ शकतो. देवाशी तुमचं काय असेल ते तुम्ही बघा, गोळी मात्र द्यायलाच हवी.

तिसऱ्या सकाळी हे अंघोळ करून ओल्या पंचानं देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथं थांबले. हा आजार उंबऱ्याला घाबरतो. दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. एरवी मी पायापुढं लाटणं आडवं ठेवायची, ते ओलांडायचं म्हटलं की पाय उचलायचा. त्या दिवशी लाटणं ठेवलं, काही नाही. मी एक-दोन, एक-दोन म्हणून मोजलं, काही नाही. गुडघे थरथरत होते, पंचातून पाणी ठिबकत होतं, थंडीचे दिवस. आणि माझं पंचपात्र आत, आसनापाशी, गोळीसकट. उंबऱ्याच्या पलीकडे. मी हात धरायला गेले.

"हात लावू नको," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की मला तोंडाजवळ कान न्यावा लागला. "देव नेईल."

"देव नेणार नाही," मी म्हटलं. "आचमनाच्या पाण्यात गोळी असते. रोज. आषाढापासून मीच घालत आलेय."

हे माझ्याकडे बघू लागले, म्हणजे डोळे फिरले, मान नाही. एरवी माणूस अशा वेळी पाठ फिरवून निघून तरी जातो. ह्यांना तेही करता येत नव्हतं. मी सगळं सांगितलं. पुरणपोळीचं, पित्ताचं, वाटलेल्या गोळीचं, अर्घ्याच्या तांब्याचं. राग आलाय की दुःख झालंय की काय झालंय, चेहऱ्यावरून कळायला मार्गच नाही. लाकडी चेहरा तसाच, आणि त्यावरून पाणी खाली येत होतं. आधी मला वाटलं केसांतलं आहे.

"म्हणजे संध्येच्या आधीच माझा उपास मोडत होता," हे म्हणाले.

"होय."

"मला वाटलं, त्याला माझी दया आली."

दया मलाही आली नव्हती. मला भूक लागली होती. माणसाला गोळी दिली आणि त्याचा देव काढून घेतला. सासूबाई असत्या तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं, आणि मी गेले असते.

मग हे म्हणाले, "आणि तू? तू कधी खात होतीस?"

मला संताप आला. म्हटलं, मी कधी खाणार, नैवेद्य झाल्यावरच की.

"का? तुला तर ठाऊक होतं."

खरंच की. ह्यांचा उपास आत मोडलाय हे मला रोज माहीत होतं, मीच मोडत होते. चुलीपाशी बसून मी दोन घास खाल्ले असते तर बघायला कोण होतं? चार महिन्यांत एकदाही मनात आलं नाही. मी म्हटलं, सुचलंच नाही.

मग मी ह्यांचं काही ऐकलं नाही. काखेत हात घातला, अंगाशी धरलं, ओढत म्हणा, उचलत म्हणा, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर आणून बसवलं. अंगावर शाल टाकली. डबीतली गोळी काढून सरळ जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. मला वाटलं थुंकतील. नाही थुंकले. मुंजीनंतर पहिल्यांदा ह्या माणसानं जाणूनबुजून पूजेआधी काही गिळलं. पाऊण तास आम्ही दोघं तिथंच बसलो. बाहेर भाजीवाली ओरडून गेली, मी उठले नाही. इतकी थकले होते की कुणी तिथंच झोप म्हटलं असतं तर फरशीवर झोपले असते.

पाऊण तासानं ह्यांची मान सैल झाली. पहिलं काय बोलावं? नकाशात चूक सापडल्यावर बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "चार महिने ह्या घरात उपाशी एकच माणूस होतं. मग पूजा त्याचीच झाली, माझी नाही. आता पुढंही त्यानंच करायची."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हसावं की डोकं आपटावं समजेना. म्हटलं, अहो, मला लवकर खायचं होतं. त्यासाठी तर हे सगळं केलं.

"मग लवकर उठ," हे म्हणाले.

हे असं आहे बघा. हट्ट गेला नाही, नुसता एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर आला. दुसऱ्या दिवसापासून सहाला ह्यांच्या उशाशी गोळी आणि पाणी. निमूट घेतात. पावणेसातला पोहे खातात, चहा पितात, चारही गोळ्या घड्याळावर. डॉक्टर म्हणतात आजार पुढं जाणारच आहे, पण सध्याचं गाडं ठीक चाललंय. सुधींद्रला मी सांगितलं, अप्पा आता सकाळी खातात. त्याला खरं वाटेना. आणि मी? मी उपाशी, अंघोळ करून, देवासमोर.

पहिल्या दिवसाचं तेवढं सांगते आणि थांबते, दमले मी. हे देवघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मी दिवा लावला, गंध उगाळलं, ते मला सेहेचाळीस वर्षांचं पाठ. मग देवाच्या डबीचं, संपुष्टाचं, झाकण उघडलं आणि हात मागं घेतला. आत शाळिग्राम. आमच्या घराण्यात बायकांनी त्याला हात लावायचा नाही. नऊवारी नेसून आले त्या दिवसापासून मी त्याची फुलं आणली, त्याचा नैवेद्य शिजवला, त्याची भांडी घासली, त्याला शिवले कधी नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"घे," हे म्हणाले. "तुझाच आहे."

मी तो तळहातावर घेतला. एवढासा, पण जड. माझा हात कापायला लागला. ताम्हनात ठेवून पाणी घातलं ते निम्मं बाहेर सांडलं. हे दारातून हळू आवाजात मंत्र म्हणत होते आणि मी त्यांच्या मागून तोंड हलवत होते. मध्येच नजर त्यांच्याकडे गेली. गोळी लागली होती. दोन्ही हात मांडीवर, एक बोट कापत नव्हतं. इतके चांगले हात, आणि रिकामे. ते बघून मला रडू फुटलं, दाबलं तरी दबेना.

"रडतेस काय," हे म्हणाले. "नैवेद्य दाखव लवकर. भूक लागली असेल तुला."